सड्यावरची चीर

भातकापणीचे दिवस होते. शाळा सुटायच्या बेतात असताना माझ्या भावाचा फोन आला. दादा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून मी वर्गाबाहेर येऊन घेतला.

"डोंगराला चीर पडलीया," तो म्हणाला. "म्हशीचा पाय अडकला. पाय काढला आमी, पण चीर लई लांब हाय गं. तू येऊन बघ एकदा. पावण्यास्नीबी घेऊन ये."

पावणं म्हणजे माझा नवरा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दादाच्या तोंडी तो पावणाच आहे.

माझं माहेर गगनबावड्याच्या अलीकडे. मोठा रस्ता सोडून चढाने वर गेलं की दहा-बारा घरांची वाडी लागते. घरांच्या मागे डोंगर उभा. माथ्यावर सपाट खडकाळ सडा, सड्याखाली जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी, त्या झाडीत बारमाही झरा आणि झऱ्याखाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत आलेली भाताची खाचरं. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले, शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, पण डोळे मिटले की मला अजून तीच खाचरं दिसतात. माझं सगळं लहानपण त्या झऱ्यावर कळशी घेऊन जाण्यात गेलं.

नवऱ्याच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी असते. त्या सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही मोटरसायकलवरून गेलो. दादाने चहासुद्धा घेऊ दिला नाही, थेट वर नेलं. झाडी जिथे संपते आणि सडा सुरू होतो तिथे गवतातून चीर गेली होती. कुणीतरी नांगराचा एकच तास मारावा तशी. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक वळणाआड जात होतं. मी वाकून आत हात घातला. खालून गार वारा लागला. मी हात झटकन बाहेर काढला.

"किती खोल असेल?" नवऱ्याने विचारलं.

दादाने एक दगड आत सोडला. खडखड आवाज करत तो गेला, आणि थांबल्याचा आवाज काही आला नाही.

आमची आई खाली उंबऱ्यात बसून आमची वाट बघत होती. ती म्हणाली, "पाऊस काय आमाला नवा न्हाई. ह्या भागात तो पडतोच. पण आधी तो म्हैनाभर बारीक लागून असायचा. आता पंधरा दिस ऊन पडतंय, भुई फुटंस्तवर. आन् मग म्हैन्याचा पाऊस दोन दिसांत वततोय. डोंगरानं तरी किती प्यावं?"

दादाने तालुक्याला खेटे घातले. शेवटी थंडी सरता सरता जमिनीची तपासणी करणारे एक साहेब आले. माणूस चांगला होता. बूट लाल मातीने भरेपर्यंत हिंडला, चीर पाहिली, झरा पाहिला, घरांच्या भिंती पाहिल्या. वाडीतली सगळी माणसं त्याच्या मागे-मागे. शेवटी तो आमच्या अंगणात बसला आणि म्हणाला, "खाली खडक आहे आणि त्यावर मातीचा जाड थर. मोठ्या पावसात पाणी या दोघांच्या मधे शिरतं. मग थर सरकतो. कधी सरकेल हे मी सांगू शकत नाही. पण पावसाळ्याच्या आत तुम्ही इथून हलावं."

"कुठं हलावं?" दादाने विचारलं.

"खाली गायरान आहे ना तुमचं? तिथे शेड बांधून देतील."

"सायेब, ते नदीच्या काठाला हाय. गेल्या पुरात तिथं गळ्याएवढं पाणी हुतं."

साहेबाने बुटाची माती काडीने खरवडली. मग हळू आवाजात म्हणाला, "मला डोंगर बघायला पाठवलंय. नदीचं मी काय सांगणार?"

मला त्याचा राग आला नाही. त्याच्याजवळ तेवढंच होतं आणि त्याने ते दिलं होतं. वहिनीने त्याला जेवायला थांबवलं. नाचणीची भाकरी आणि पिठलं खाऊन तो गेला. जाताना आईला म्हणाला, "आजी, पाऊस वाढला की इथे झोपू नका." आई म्हणाली, "मग झोपू कुठं बाबा?"

त्या उन्हाळ्यात वाडीने जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. कल्पना दादाची. सड्यावरचं पाणी चिरीत शिरायच्या आधीच वळवायचं. चिरीच्या वरच्या बाजूने एक चर खणायचा आणि सगळं पाणी डोंगराच्या पलीकडच्या ओढ्यात सोडायचं. आणि चीर मातीने भरून घ्यायची. घरटी एक माणूस कुदळ घेऊन आणि घरटी एक बाई पाटी घेऊन. मुंबईला गिरणगावात राहणारी, इचलकरंजीला मागावर काम करणारी माणसंसुद्धा यात्रेला येतात तशी आली. दर सोमवारी नवरा जायचा. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी तिथेच राहिले.

सडा म्हणजे नुसता जांभा दगड. कुदळ मारली की ठिणगी उडायची. बाया ओढ्याजवळची चिकण लाल माती पाट्या भरभरून वर आणायच्या, पुरुष ती चिरीत ओतायचे, पाणी शिंपडून धुमसाने ठोकायचे. कितीतरी माती ओतली तरी चीर गिळतच होती. एकदा एक म्हातारे काका कंटाळून म्हणाले, "ह्यो डोंगर हाय का रांजण?" सगळे हसले. दुपारी आई आंबील घेऊन वर यायची. आम्ही जांभळाखाली बसून प्यायचो. हात सोललेले, कपडे लाल झालेले, आणि तरी वाडीत लग्नघर असल्यासारखं वाटायचं. चिरीच्या कडेने आम्ही वाळ्याची ठोंबं लावली. वाळ्याची मुळं खोल जातात, माती धरतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. वहिनी रोज संध्याकाळी त्यांना झऱ्याचं पाणी घालायची.

"वन्सं," ती मला म्हणाली, "एवढं केल्यावर द्येव तरी बघंल का न्हाई?"

मी म्हटलं, "बघेल की." मला खरंच तसं वाटत होतं.

पहिला पावसाळा निभावला. चरातून धो-धो पाणी वाहिलं आणि पलीकडच्या ओढ्यात पडलं. मातीने भरलेल्या चिरीवर गवत उगवलं. दादा रोज छत्री घेऊन वर जायचा, आणि रेंज आली की मला फोन करायचा. "जागच्या जागी हाय सगळं." त्याच्या आवाजात एक वेगळाच ताठा आला होता. दिवाळीत मी गेले तेव्हा त्याने मला ती जागा नवं बांधलेलं घर दाखवावं तशी दाखवली. वाळ्याची ठोंबं कंबरेएवढी झाली होती. शेजारच्या वाड्यांची माणसं बघायला येत होती.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला सरकारी माणसं आली आणि या खेपेला ऐकेनात. म्हातारीकोतारी आणि पोरं खाली गायरानातल्या शेडात गेलीच पाहिजेत. पत्र्याची लांबलचक शेड, मधे गोणपाटाचे आडपडदे. गुरं आणि पुरुष वर राहिले. मी आईला म्हटलं, "कोल्हापूरला चल माझ्याकडे."

आई हसली. "तुजं घर तर पंचगंगेच्या उशाला. तिथं काय कोरडं हाय?"

ते खरंच होतं. आमची गल्ली उताराला आहे. पूर आला की पाणी आधी आमच्याकडे येतं. गल्लीत पाऊस लागला की लोक एकमेकांना जेवलात का विचारायच्या आधी बंधाऱ्याचं पाणी किती फुटावर आहे ते विचारतात.

आषाढ निम्मा कोरडा गेला. रोपं तरव्यातच पिवळी पडली. दादा फोनवर म्हणायचा, "लावणीला चिखल न्हाई." आणि मग एका पहाटे जो पाऊस लागला तो थांबेचना. थेंब दिसत नव्हते, नुसती पांढरी भिंत. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला पाणी दिसलं, आणि दुपारपर्यंत ते आमच्या पायरीला लागलं. आम्ही गॅस, कपड्यांची बोचकी, कागदपत्रं आणि शेजारच्या आजीबाईंना घेऊन बाहेर पडलो.

पूरग्रस्तांची सोय माझ्याच शाळेत केली होती. ज्या वर्गात मी आठवीला शिकवते त्या वर्गात मी माझं बोचकं घेऊन भिंतीला टेकून बसले. फळ्यावर माझ्याच अक्षरातला कालचा सुविचार होता. बाकं कोपऱ्यात रचून ठेवली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आईबरोबर समोरच बसली होती. तिने मला बघून उठून नमस्कार केला. मी तिला हाताने बस म्हणून खुणावलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मागे पावसाचा आणि माणसांचा आवाज.

"शेडात पाणी शिरलंय," तो ओरडून बोलत होता. "गुडघ्याएवढं झालंय, वाढायलंय. आईला, पोरास्नी मी भाईर काढलंय. मोठ्या रस्त्यावर उभं हाय आमी. पावसानं पोरं काकडायल्यात. वर घराकडं न्हेऊ का?"

"वर?" मी म्हटलं.

"मग कुठं न्हेऊ? खाली नदी हाय, वर डोंगर हाय. तू शाण्या माणसांत ऱ्हातीस, विचार की कुणालातरी. जाऊ का नको?"

मी वर्गातल्या माणसांकडे बघितलं. नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय सांगणार होते? वर जा म्हटलं आणि डोंगर आला तर? थांब म्हटलं आणि आई त्या पावसात गारठली तर? मी म्हटलं, "दादा, चीर कशी आहे? बघितलीस?"

"चरातनं पाणी चांगलं जातंय. पण झरा..." तो थांबला. "झऱ्याचं पाणी सकाळधरनं लाल येतंय. आन् दुप्पट येतंय."

"दादा, मग वर..." मी बोलायला लागले आणि फोन कट झाला. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. ती बाई फक्त संपर्कक्षेत्राबाहेर आहे म्हणून सांगत राहिली. माझं वाक्य त्याला कुठपर्यंत ऐकू गेलं ते मला कळलं नाही.

त्यानंतर बोलणंच झालं नाही. गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली गेला होता. पुढे घाटात दरड पडली होती, म्हणजे कोकणातूनही वाट नाही. नवरा तरीही निघाला. एका मित्राबरोबर बालिंग्याच्या पुढे कुठेतरी जाऊन पाण्याला टेकून परत आला. अंगातून पाणी निथळत होतं. "नुसता समुद्र दिसतोय," तो म्हणाला आणि फळ्याखाली बसला. कारखान्यात तापलेल्या लोखंडापुढे उभा राहणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या बुटांच्या नाड्या मला सोडाव्या लागल्या.

मी आपत्ती कक्षाला फोन केले. पलीकडचा मुलगा प्रत्येक वेळी गावाचं नाव विचारायचा, प्रत्येक वेळी "कळवतो मॅडम" म्हणायचा. तो तरी कुणाला कळवणार? होडी तिथपर्यंत जाऊ शकत नव्हती आणि गाडी होडीपर्यंत. आजूबाजूला माणसं जेवत होती, भाताचे पुडे वाटत होती, पोरं बाकांवरून उड्या मारत होती. मी पुडा हातात घेऊन बसायची आणि तसाच शेजारच्या आजीबाईंना द्यायची. आपण इथे सुरक्षित आहोत, या गोष्टीचीच मला चीड यायला लागली होती. पण ती चीड कुणावर काढावी ते कळत नव्हतं. पाऊस काही कुणाचा शत्रू नव्हता.

पाऊस उघडला आणि कुणाच्या तरी अनोळखी नंबरवरून फोन आला. वहिनी होती.

"आमी हाय," ती म्हणाली. आणि रडायलाच लागली. मीही रडले. वर्गातली सगळी बायामाणसं माझ्याभोवती जमा झाली.

झालं होतं असं. दादा वर गेलाच नव्हता. झरा लाल झालाय म्हणजे डोंगराच्या आतली माती सुटलीय, हे ओळखून त्याचा पाय उचलेना. वरच्या गड्यांनाही खाली बोलावून, सगळ्यांना घेऊन तो मोठ्या रस्त्यावरच्या एसटीच्या थांब्यात शिरला. तीन भिंती आणि वर पत्रा. पुढे रस्त्यावर पाणी आणि मागे घाट बंद, त्यामुळे तिथे कोकणातून आलेला एक ट्रक अडकून पडला होता. त्याचा ड्रायव्हर कुठला परमुलखातला, मराठीही धड येत नव्हती. त्याने म्हाताऱ्यांना आणि लहान पोरांना केबिनमध्ये घेतलं, ताडपत्री काढून थांब्याच्या उघड्या बाजूला बांधली, स्टोव्हवर सगळ्यांना चहा करून दिला. दूधपावडर संपली तरी तो कोरा चहा देत राहिला. आई नंतर कितीतरी दिवस त्याची आठवण काढायची. नाव विचारायचं राहिलं म्हणून हळहळायची.

सकाळी दादा आणि दोघं-तिघं जण गुरांची दावी सोडायला वर गेले. वहिनी म्हणाली, ती माणसं वर गेली तेव्हापासून मी वाटेवरून डोळाच काढला नाही. म्हशी सोडल्या. काही आपणहून उताराला लागल्या, काही गोठ्यातून हलेनात. माणसांना ओळखीचा गोठा सोडवत नाही तर जनावरांना कसा सोडवेल? दादा एक रेडकू खांद्यावर घेऊन खाली आला. तो रस्त्याला लागला आणि मागे डोंगर सुटला. थांब्यातल्या सगळ्यांनी पाहिलं. वहिनी म्हणाली, "आवाज आधी आला न्हाई वन्सं. आधी झाडं चालायला लागली. उभीच्या उभी. आमी म्हटलं, ही झाडं कुठं निघाली?"

वरची चार घरं गेली. झरा गेला. दोन सोडून सगळी खाचरं गेली. आमचं घर कडेला होतं, त्याची मागची भिंत पडली आणि अंगणापर्यंत चिखल येऊन थांबला. माणूस एकही गेलं नाही. सगळे म्हणायचे, नशीब थोर. दादा तेवढं ऐकून उठून जायचा.

रस्ता मोकळा झाल्यावर मी गेले. जिथे मी कळशी भरायची तिथे लाल चिखलाचा एक उतार होता, त्यात उलटी झालेली जांभळं, मुळं वर. सगळीकडे वास भरून राहिला होता. ओल्या मातीचा आणि मेलेल्या जनावरांचा. दादाने मला बाजूच्या वाटेने सड्यावर नेलं. आम्ही खणलेला चर जसाच्या तसा होता. त्यातून स्वच्छ पाणी पलीकडच्या ओढ्याकडे जात होतं. डोंगर आम्ही भरलेल्या चिरीवर तुटलाच नव्हता. तो तिच्याखाली, झाडीच्या मधोमध फुटला होता. वाळा हिरवागार उभा होता.

ते तपासणीवाले साहेब पुन्हा आले. त्यांनी चर पाहिला आणि टोपी काढली. म्हणाले, "वरचं पाणी तुम्ही वळवलंत. आत मुरलेलं कोण वळवणार? एवढा पाऊस एका दमात या डोंगराने कधी पाहिला नव्हता."

"म्हंजे आमचं चुकलं काय?" दादाने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "काहीच चुकलं नाही."

मला वाटतं तेच ऐकून दादा सगळ्यात जास्त खचला. चुकलं असतं तर पुढच्या वेळी दुरुस्त करता आलं असतं.

वाडी फुटली. कुणी इचलकरंजीला गेलं, कुणी कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत. पुनर्वसनासाठी दाखवलेली जागा बघायला दादा आणि चार जण जीप करून गेले. दुसऱ्या तालुक्यातला माळ होता. भात पिकत नाही, ओढा नाही, चारायला रान नाही. तिथल्या गावच्या लोकांनी पाणी दिलं आणि विचारलं, "पावणं, आमालाच पाणी पुरंना, तुमी काय करणार हितं?" ते परत आले. नंतर सरकारी माणसं आणखी एक जागा दाखवू म्हणालीत. अजून दाखवलेली नाही.

आईला मी माझ्याकडे आणलं. या वेळी तिने बोचकं बांधलं आणि आली. आमच्या गल्लीत भिंतींवर पुराची ओल अजून आहे. ती त्या ओलीकडे बघत बसते. झऱ्याच्या पाण्याची सवय, नळाचं पाणी तिला उतरत नाही. एकदा म्हणाली, "पोरी, मी मेल्यावर मला कुठं न्हेशील?" मी म्हटलं, असलं बोलू नको.

दादा आणि वहिनी तिकडेच आहेत. उरलेल्या दोन खाचरांत भात लावतात, म्हशी रस्त्याकडेच्या एका शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधतात. शेजारच्या वाड्यांच्या डोंगरांनाही चिरी पडल्यात. ती माणसं दादाला बोलवायला येतात. तो जातो, बघतो, त्यांच्या अंगणात बसतो. मी एकदा बरोबर होते. तिथल्या एका तरण्या माणसाने विचारलं, "आमी पण माती भरून घेऊ का काका?" दादाने त्या डोंगराकडे बघितलं. म्हणाला, "भरून घ्या. हात रिकामं ठेवून तरी काय करायचं?" परतीच्या वाटेवर तो लांब-लांब पावलं टाकत माझ्या पुढे चालत राहिला.

आता पुन्हा पाऊस लागलाय. उरलेल्या घरांतली माणसं दादाने मोठ्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात हलवलीत. तो रोज सकाळी गुरांची धार काढून, रेंज असेल तिथे जाऊन आईला फोन करतो. बोलायला फारसं काही नसतं. "हाय आमी," एवढंच म्हणतो. आई म्हणते, "व्हय बाबा." आणि फोन मला देते. मी बंधाऱ्याची पातळी सांगते, तो तिकडच्या पावसाचं सांगतो, मग आम्ही दोघंही ठेवून देतो.

काल फोन आला नाही. रेंज नसेल, असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, "नसंल." मी डबा भरला, शाळेला निघाले. दारातून वळून पाहिलं तर ती फोन मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि बाहेर पाऊस तसाच, न थांबता.